बरणी क्रमांक ११४ची भावकी

नाव: नृसिंह बापूसो चौगले. हुद्दा: प्रयोगशाळा परिचर, प्राणिशास्त्र विभाग, गट 'ड'. मूळ वास्तव्य: तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर. जन्मतारीख: १ जून १९६५ (शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांच्या सोयीने). शिक्षण: दहावी, गणित वगळता. उंची: पाच फूट चार इंच. ओळखीची खूण: दोन्ही हातांच्या बोटांची कातडी पांढुरकी व खरबरीत, कारण फॉर्मलीन. कर्तव्ये: बरण्या पुसणे, बरण्यांतील द्रावण कमी झाल्यास भरणे, प्रॅक्टिकलचे ट्रे मांडणे व उचलणे, वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. संशोधनकार्याशी संबंध: निरंक.

एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, असं सेवापुस्तक छापणाऱ्यांचं मत आहे.

कॉलेज राजारामपुरीत. एका अंगाला डॉक्टर घडवणारे क्लास, दुसऱ्या अंगाला घडलेल्या डॉक्टरांचे दवाखाने, आणि मधे हे कॉलेज, ज्यात दोन्हीकडे नंबर न लागलेली मुलं येतात. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून प्राणिशास्त्राचं म्युझियम. म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि एकशे एकतीस बरण्या. पट्टकृमी, वटवाघूळ, घोणस, आणि दर्शनी कपाटात दोन डोक्यांचं रेडकू. रेडकू बघायला आसपासच्या शाळांच्या सहली येत. तिसऱ्या कपाटातल्या एकशे चौदा नंबरच्या बरणीकडे कुणी बघत नसे, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हातभर लांबीचा काळा मासा. डोळे अंगाच्या मानानं फार मोठे. पाठीवर दोन पर आणि प्रत्येक परापुढं एक काटा. बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं: 'कंदील शार्क. खोली अंदाजे सहाशे मीटर. जात?'

हे प्रश्नचिन्ह प्राध्यापक अभिराम देवस्थळी यांचं. १९९४ साली ते विद्यार्थ्यांची सहल घेऊन रत्नागिरीला गेले होते. नृसिंह नोकरीला लागून एक वर्ष झालं होतं. बादल्या आणि डबे उचलायला त्यालाही नेलं होतं. मुलं वाळूत शिंपले वेचत होती आणि सर बंदरात एका तांडेलाशी गप्पा मारत बसले होते. त्या तांडेलाच्या बोटीनं फार खोल पाण्यात गळ सोडले होते, आणि वर आलेल्या मालात हा एक निघाला होता. खाण्याच्या कामाचा नव्हता म्हणून बर्फाच्या कोपऱ्यात पडून होता. सरांनी तो मागून घेतला. परतताना अंबा घाटात तो डबा नृसिंहाच्या मांडीवर होता आणि एसटीतली निम्मी माणसं खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मासा जेवढा खाली राहत होता, जवळजवळ तेवढाच त्याला वर आणून ठेवला.

"सर, ह्येचं नाव काय लिवायचं?" नृसिंहानं विचारलं.

"नाव नाही अजून. याच्या घराण्यातल्या तीसेक जाती जगाला माहीत आहेत. त्यातली ही एकही वाटत नाही. पण मला वाटणं म्हणजे पुरावा नव्हे." सर बरणीत स्पिरिट ओतत होते. बाकीच्या सगळ्या बरण्यांत फॉर्मलीन असे. "याला स्पिरिटच. आणि तू नीट ठेव. कुणीतरी येईल."

का स्पिरिट, ते सरांनी सांगितलं नाही. नृसिंहानं विचारलं नाही. गट 'ड' मध्ये 'का' हा शब्द वापरायची पद्धत नाही.

आता या माणसाचा एक गुण, जो सेवापुस्तकात नाही. शाहूवाडीकडं त्याच्या गावात आणि आसपासच्या दहा-बारा वाड्यांत सोयरीक ठरवताना नृसिंहाला बोलावून नेत. वयानं लहान असतानाही नेत. कोण कुणातलं, मूळ गाव कुठलं, कुठल्या पिढीत वाटणी झाली, मामाचं घर कोणतं, देवक काय, हे त्याच्या डोक्यात पाणंदीसारखं आखलेलं होतं. आडनाव एक आणि रक्ताचा संबंध नाही, अशी घरं तो सांगे. आडनावं वेगळी, गावं वेगळी, आणि देवक एक निघालं म्हणून त्यानं ऐन सुपारीत मोडलेली लग्नंही होती. त्याबद्दल त्याला चहा मिळे आणि शिव्या मिळत. त्याचं म्हणणं एकच: "पोशाख बघून पोरगी देऊ ने. देवक इचारावं."

देवस्थळी सरांनी हा गुण हेरला आणि दुपारी प्रॅक्टिकल नसलं की ते त्याला शार्कांची भावकी सांगू लागले. शिकवायला वर्गात मुलं होती, पण त्यांना परीक्षा द्यायची होती. नृसिंहाला काहीच द्यायचं नव्हतं, म्हणून त्याच्या लक्षात राहिलं. खोल समुद्रातले शार्क हे एक घराणं नव्हे, हे त्याला पहिल्या दिवशीच पटलं. वेगवेगळी घराणी वेगवेगळ्या काळात खाली उतरली. कुणाला पाचाऐवजी सहा कल्ल्यांच्या फटी. ते सगळ्यात जुने. कुणी वरच्या पांढऱ्या, नावाजलेल्या शार्कांच्या भावकीतला, पण खाली जाऊन जबडा पुढं फेकायला शिकलेला. खाली अंधार, थंडी आणि उपास. जो तिथं टिकला तो हळू वाढायला शिकला, थोडी पिल्लं द्यायला शिकला, तरंगायला म्हणून पोटात भलंमोठं तेलकट काळीज वागवायला शिकला.

पुढं पुढं मुलांना हे नृसिंहच सांगू लागला. सरांच्या नंतर आलेल्या प्राध्यापकांना त्याची अडचण नव्हती; त्यांना तेवढा वेळ मोबाईल बघता येई.

"ह्यो काळा, त्यो बी काळा," तो शेजारशेजारच्या दोन बरण्या पुढं ओढून विचारी. "दोघांचं डोळं टपोरं. मग भाऊ काय?"

"व्हय मामा."

"मामा म्हणालास म्हणून मी तुज्या आईचा भाऊ झालो न्हाय. खाली वाक. शेपटीच्या अलीकडं, पोटाखाली बघ. ह्येला पर हाय. पाठीवर काटा हाय काय?"

"न्हाय."

"ह्यो मांजरशार्क. आणि ह्या एकशे चौदाला खालचा पर न्हाय, वर काटं दोन. देवक येगळं. दोघांची सात पिढ्यांत गाठ न्हाय. खाली अंधार एकच हाय बघ, त्येनं दोघास्नी एकच कापड शिवलं."

एकशे चौदाच्या पोटाला दिवे असतात, हे त्याचं आवडतं प्रकरण. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे, हजारोंनी. खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला वरच्या अंधुक उजेडात माशाची सावली दिसू नये, म्हणून वरून जेवढा उजेड येतो नेमका तेवढाच मासा पोटातून सोडतो. मुलांना वाटे, दिवा दिसण्यासाठी असतो. नृसिंह सांगे, ह्येचा न दिसण्यासाठी हाय. "आमचं बी तसंच. वर सायेब जेवढा, तेवढाच उजेड पाडायचा. जास्त पाडला की गिळत्यात."

देवस्थळी सर २००१ साली निवृत्त झाले आणि २००६ साली वारले. प्रश्नचिन्ह राहिलं. पावसाळ्यात चिठ्ठीला बुरशी धरे, तेव्हा नृसिंह नवी चिठ्ठी लिही आणि शेवटी ते चिन्ह काढी. सरांच्यापेक्षा जरा मोठंच. घरी बायको शालूबाई म्हणे, "येवढी वर्सं मासं सांभाळताय, एकदा तरी बांगडा घेऊन आलासा काय घरात?" नृसिंह म्हणे, "कुणीतरी येणार हाय." शालूबाईंना वाटे पाहुणे येणार आहेत.

पाहुणे आले २०१३ साली. पण माशासाठी नव्हे, राजनंदिनीसाठी.

राजनंदिनी ही नृसिंहाची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाली होती. शिराळ्याकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. देवक एक नव्हतं, म्हणजे सोयरीक जुळत होती. सगळं यथास्थित होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांची चौकशी केलेल्या माणसाची आता चौकशी होणार होती. मुलाचे चुलते रीतीप्रमाणे न सांगता कॉलेजच्या फाटकाशी आले आणि पहिला जो भेटला त्याला विचारलं, चौगले माणूस कसा? भेटले गणपतराव, रसायनशास्त्राचे परिचर.

गणपतरावांना गंमत करायची सवय होती. एकशे चौदाच्या बरणीचं झाकण जरा सैल होतं. उन्हाळ्यात स्पिरिट उडून जाई आणि नृसिंह ते भरून काढी. ते स्पिरिट परवान्यावर मिळे, त्यामुळं विभागात त्याची चर्चा होई, आणि दर मे महिन्यात कॅन्टीनमध्ये गणपतराव म्हणत, "चौगले, तुमच्या माशाला तहान लय लागतीया. एकटाच पितोय का कुणी बसतंय संगट?" नृसिंहानं जन्मात थेंब घेतला नव्हता. त्याचा बाप दारूनं गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून विनोद जास्त रंगे.

फाटकाशी गणपतरावांनी चुलत्यांना सांगितलं, "माणूस सोन्यासारखा हाय, पावणं. फकस्त स्पिरिट त्येच्या ताब्यात असतंय."

चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला: मुलाकडचे जरा विचार करतायत. फाटकाशी झालेलं बोलणंही मध्यस्थानं कानावर घातलं.

नृसिंहाला विचार करणं म्हणजे काय ते माहीत होतं. अशा निरोपांचा मजकूर त्यानंच कितीदा सांगून पाठवला होता. एकदा 'बाप पितो' असं भावकीत गेलं की ते खोडून काढायला भावकीच मरावी लागते. दुसऱ्या दिवशी त्यानं गणपतरावांना, मध्यस्थाला आणि मुलाच्या चुलत्यांना म्युझियममध्ये बोलावलं. एकशे चौदाची बरणी टेबलावर घेतली. झाकण काढलं. तिघांच्या समक्ष एकोणीस वर्षांचं स्पिरिट बेसिनमध्ये ओतलं आणि बरणी फॉर्मलीननं काठोकाठ भरली.

"आता ह्ये कोण पितंय बघूया," तो म्हणाला.

चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फॉर्मलीननं सगळ्यांच्याच येतं. लग्न ठरलं. विभागप्रमुख म्हणाले, बरं झालं, परवान्याची कटकट गेली. गणपतरावांनी लग्नात पंगत वाढली.

सरांचा शब्द मोडला, हे नृसिंहाला लागलं होतं. त्याची भरपाई त्यानं त्याच्या परीनं केली. इतर बरण्यांत फॉर्मलीन वर्षानुवर्षं तेच राही. एकशे चौदाचं तो दर दिवाळीला आणि दर उन्हाळी सुट्टीत बदले. जुनं काढून, मासा हातानं धुऊन, ताजं घाली. हातमोजे विभागाला मिळत, पण ते मुलींच्या प्रॅक्टिकलला पुरत नसत.

२०२४च्या जूनमध्ये प्राचार्य धैर्यशील इंगवले यांनी म्युझियमच्या जागी संगणक व कौशल्य विकास केंद्र उभारायचं ठरवलं. खोली पुढच्या वर्षीच्या मे महिन्याच्या आत रिकामी व्हायची होती. नृसिंहाची निवृत्तीही मे अखेरीस होती. दोन्ही कामं एकदम उरकतील, असं कार्यालयाचं म्हणणं पडलं. नृसिंह पहिल्यांदाच आपण होऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला आणि एकशे चौदाबद्दल बोलला. प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं.

"चौगले, नवीन जात निघाली तर खोली राहील. बोर्ड लावू, पेपरात देऊ. सिद्ध करून आणा."

सिद्ध करणं त्याच्या कर्तव्यसूचीत नव्हतं. त्यानं भैरवीला फोन केला. भैरवी गगनबावड्याची, याच कॉलेजात शिकलेली. त्यानं दाखवलेला खालचा पर बघूनच ती या वाटेला लागली, असं ती सांगे. आता कोचीच्या एका संस्थेत खोल समुद्रातल्या शार्कांवर तिचं काम होतं आणि नावाआधी डॉक्टर होतं. ती ऑगस्टमध्ये आली.

दीड तास ती माशावर वाकून होती. दात बघितले, काटे मोजले, पोटाच्या बाजूला दिव्यांच्या पट्ट्याची जी काळी खूण असते तिचा भिंगातून फोटो काढला. या खुणेच्या आकारावरून एक जात दुसरीपासून ओळखतात. मग तिनं मान वर केली.

"मामा, ही खूण कुठल्याच जातीत नाही. सर बरोबर होते बहुतेक."

नृसिंह स्टुलावर बसला. तीस वर्षांत तो त्या खोलीत कुणासमोर बसला नव्हता.

भैरवीनं माशाच्या अंगावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. शार्कच्या कातडीवर बारीक दातांसारखे खवले असतात, हात उलटा फिरवला तर खरखर लागते. त्यांच्या ओळी कशा मांडल्यात यावरून भावकी ठरते. बोट सरळ गेलं.

"इतका गुळगुळीत कसा झाला हा?"

"सा म्हैन्याला ताजं घालतोय की. एक डाव चुकवला न्हाय."

"ताजं काय?"

"फॉर्मलीन."

"सरांनी स्पिरिटमध्ये ठेवला होता ना? तुम्हीच मला सांगितलं होतं."

नृसिंहानं सगळं सांगितलं. फाटकावरचे पाहुणे, गणपतराव, बेसिन. काही गाळलं नाही. भैरवीनं भिंग पेटीत ठेवलं आणि पेटी लावायला बराच वेळ घेतला. मग तिनं समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं. फॉर्मलीन हळूहळू आंबतं. आंबलं की असले बारीक खवले खातं, आणि ताजं घातलं की पुन्हा नव्यानं खायला लागतं. आणि पेशींच्या आत जो भावकीचा कागद असतो, जनुकांचा, त्याच्या ते अशा गाठी मारतं की तो पुन्हा उलगडून वाचता येत नाही. स्पिरिट तसं करत नाही.

"स्पिरिटात असता तर?"

"तर थोडक्या दिवसांचं काम होतं, मामा."

खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. ती संपेपर्यंत दोघं ऐकत राहिले.

"राजनंदिनी कशी आहे?" भैरवीनं विचारलं.

"बरी हाय. दोन पोरं हायत. जावई चांगला हाय," नृसिंह म्हणाला.

तिनं तरी मांसाचे आणि काळजाचे तुकडे घेतले. आता नव्या रीती आहेत, फॉर्मलीनमधूनही कधीकधी निघतं, असं म्हणाली. 'कधीकधी' हा शब्द नृसिंहानं पाच महिने वापरला. शालूबाईंजवळ, गणपतरावांजवळ, प्राचार्यांच्या शिपायाजवळ. दिवाळीत त्यानं बरणीला हात लावला नाही.

जानेवारीत फोन आला.

"मामा, दोनदा करून बघितलं. मासा काही आला नाही."

"काहीच न्हाय?"

"थोडं आलं. पण ते माणसाचं आलं. तुमचंच असणार. उघड्या हातानं धूत होता ना?"

नृसिंह म्हणाला, "म्हंजे आमच्यातलाच निघाला म्हणायचा."

भैरवी हसली नाही. एकच मासा, कातडी गुळगुळीत, जनुकं नाहीत. एवढ्यावर नवी जात कुणी मान्य करणार नाही, खुणेचा फोटो एकटा पुरत नाही, हे तिनं सांगितलं. तरी मासा कोचीला पाठवून द्यावा, तिथं निदान राहील, असं पत्र तिनं कॉलेजला लिहिलं. पत्राला उत्तर आलं. नमुना नव्या जातीचा असल्यास ती महाविद्यालयाची मौल्यवान मालमत्ता असून ती बाहेर देता येणार नाही. तसा नसल्यास तो निरुपयोगी वस्तूंत मोडतो आणि निरुपयोगी वस्तू निर्लेखनाच्या रीतीनेच काढाव्या लागतात. दोन्ही बाजूंनी विचार झाला होता. भैरवीनं पुन्हा लिहिलं. ते पत्र व्यवस्थापनाच्या बैठकीपुढं ठेवायचं ठरलं, आणि बैठक जूनमध्ये होती.

कचरा नेणारा टेम्पो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला. बरण्या रिकाम्या करून द्यायचं काम अर्थात नृसिंहाचं. दोन दिवस लागले. द्रावण एका निळ्या पिंपात, नमुने पिवळ्या पिशव्यांत, काच वेगळी. दोन डोक्यांचं रेडकू प्राचार्यांनी केबिनमध्ये ठेवून घेतलं; आलेल्या माणसाला दाखवायला बरं पडतं. एकशे चौदा नृसिंहानं शेवटी घेतली. मासा बाहेर काढून त्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला, कारण तसाच पिशवीत टाकायला त्याला जमेना. टेम्पोवाल्यानं गुंडाळी बघून विचारलं, "ह्यात काय हाय, मामा?"

"मासा," नृसिंह म्हणाला.

"कुठला?"

नृसिंहानं पिशवीचं तोंड बांधलं. "ते इचारू नका, पावणं."

घरी जाऊन त्यानं शालूबाईंना सांगितलं की खोली झाली रिकामी. त्या म्हणाल्या, हात धुवा आधी. तो धूत राहिला. नंतरच्या महिनाभरात गावाकडून एका सोयरिकीला बोलावणं आलं, तर प्रकृतीचं कारण सांगून तो गेला नाही. दुसरं आलं तेव्हाही गेला नाही. त्यानंतर बोलावणी थांबली; मोबाईलवर आता जुळवून मिळतं.

निरोप समारंभ ३१ मे रोजी नव्या केंद्रात झाला. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गणपतराव आधीच निवृत्त झालेले, पण मुद्दाम आले होते. प्राचार्यांनी शाल दिली, नारळ दिला, आणि दाखला वाचून दाखवला:

'दाखला देण्यात येतो की, श्री. नृसिंह बापूसो चौगले यांनी या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर या पदावर सलग बत्तीस वर्षे सचोटीने व निष्ठेने सेवा केलेली असून, त्यांच्या सेवाकाळात त्यांच्या ताब्यातील कोणत्याही वस्तूचे त्यांच्या हातून नुकसान झालेले नाही.'

त्या खुणेचा दुसरा शार्क आजपर्यंत कुणालाही सापडलेला नाही.